गरम लाकडाचा वास

पितृपक्ष जवळ आला की आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा नाहीसा होतो. पुरणाची डाळ मोजायला मी तो हौसेने घेतला होता. या दिवसांत तो मधल्या खोलीत फरशीवर जाऊन बसतो, त्याच्यावर डाळीऐवजी लाकडाच्या पट्ट्या चढतात आणि मी डाळ अंदाजाने घालते. यंदाही काटा गेला. मी मिठाची बरणी सरकवून त्याची रिकामी जागा पुसून घेतली.

सुरतेत या दिवसांत पाऊस थकलेला असतो, पण गेलेला नसतो. भिंतीला हात लावला तर गार लागते. नवागामच्या आमच्या गल्लीत दोरीवरच्या कपड्यांचा आंबूस वास तिसऱ्या दिवशीही जात नाही. मीठ चमच्याने खरवडावं लागतं. समोरच्या सोसायटीत पोरी गरब्याचा सराव करत असतात आणि त्यांच्या टाळ्यासुद्धा मला ओल्या वाटतात. लाकूड चिकटवायला याच्याइतका वाईट मोसम नाही. आणि नेमकी याच मोसमात धनुष्यं लागतात, कारण तिरंदाजीची जिल्ह्याची निवड चाचणी दसऱ्यानंतर असते.

आमच्या घरी धनुष्यं बनतात असं सांगितलं की लोक आधी हसतात. 'रामलीलेसाठी का?' असं शाळेतल्या बाईंनी मला विचारलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात उभं आयुष्य गेलेल्या माणसाने पन्नाशीत धनुष्यं करायला घ्यावीत, हे मलाही बरेच दिवस खरं वाटत नव्हतं.

आमच्या घरात दोन मास्तर. मी मराठी शाळेत चित्रकला शिकवते म्हणून मी एक. आणि हे कतारगामच्या कारखान्यात लूम दुरुस्त करायचे, तिथे त्या कामाच्या माणसाला मास्तर म्हणतात, म्हणून हे दुसरे. लग्नानंतर खानदेशातून यांच्याकडे सुरतेला आले तेव्हापासून मी यांना एका वासावरून ओळखत आले. लूमला घालायचं तेल, त्यात सुताची धूळ आणि त्यात घाम. साबणाने तो जायचा नाही. शर्ट वाळत घातला की तारेलाही तेलाचा वास लागायचा. सुरुवातीला मला मळमळायचं, हे खरं. पुढे इतकी सवय झाली, की माहेरी गेले आणि तो वास नसला की झोप लागायची नाही.

मग कारखान्यात नवी यंत्रं आली. त्यांना आडवं सूत नेणारा धोटा लागत नाही. धोटा नाही तर त्याला या टोकाकडून त्या टोकाला फेकणारी लाकडी काठी नाही, आणि काठी नाही तर ती बसवणारा मास्तर नाही. जुने लूम भंगारात निघाले त्या दिवशी हे एक गोणी घेऊन घरी आले. गोणीत त्या काठ्या होत्या. पिकिंग स्टिक म्हणतात त्यांना. दीड हाताहून थोड्या लांब, हाताळून हाताळून काळ्या झालेल्या. दुसऱ्या फेरीत यांनी नव्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्याही आणल्या, कारण त्या फुकट मिळत होत्या. गोणी माळ्यावर गेली आणि फळ्या जिन्याखाली. कोणत्या लाकडाला माळा आणि कोणत्याला जिन्याखालची जागा, हे त्याच दिवशी ठरलं होतं, फक्त माझ्या लक्षात आलं नव्हतं.

धनुष्याचा नाद आमच्या मुलीमुळे, हर्षदामुळे लागला. ती शाळेतून तिरंदाजीच्या वर्गाला जायला लागली. वर्गातली धनुष्यं जुनी. एकाचं पातं, म्हणजे मुठीच्या वरचा वाकणारा भाग, तडकलं तेव्हा ती ते घरी घेऊन आली, म्हणाली, "पप्पा, तुम्ही लूम जोडता, हे नाही जोडता येणार?" यांनी ते पातं सुरीने उकललं आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले. पांडेसऱ्यात रंगाच्या टाक्यांना फायबर चढवणारा यांचा एक मित्र होता. त्याच्याकडून फायबरच्या पट्ट्या आल्या, दोन डब्यांतला गोंद आला. प्लायवूडची लांब पेटी करून तिच्यात बल्ब बसवले, गोंद उबेत सुकावा म्हणून. धनुष्याच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर सगळं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचं. पहिली तीन धनुष्यं मोडली. चौथं टिकलं. मग वर्गातल्या इतर पोरींची आली.

या कामात मला जे कळलं ते सांगते. धनुष्याच्या पात्याला पुढून आणि मागून फायबरग्लास असतो, मध्ये लाकडाचा गाभा. ताकद फायबरची, हे खरं. पण दोन बाजूंच्या दोन फायबरना एकमेकांपासून लांब ठेवायचं, आणि तरी सुटू द्यायचं नाही, हे काम मधलं लाकूड करतं. ओढताना एक बाजू ताणते, दुसरी दबते, आणि सगळी घुसमट गाभ्यात. संसारात हे काम कोणाकडे असतं, ते मी सांगायला नको.

म्हणून गाभ्याचं लाकूड निवडायला हे सून निवडावी तितका वेळ लावायचे. लाकडाची रेघ सरळ हवी. पट्टीच्या या टोकाला सुरू झालेली रेघ त्या टोकापर्यंत न भरकटता जायला हवी, मध्येच कडेला पळाली की तिथे मोडणार. गाठ नको. नखाने वाजवलं तर आवाज स्वच्छ यायला हवा. सागवान देखणं, पण अंगात तेलकट, गोंदाशी कुरकुर करतं. शिसव जड. आंबा पटकन तुटतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, लाकूड आतून कोरडं हवं. ते कसं कळणार? पट्टी रोज काट्यावर ठेवायची. वजन घटत असेल तर पाणी अजून बाहेर पडतंय. घटायचं थांबलं की लाकूड तयार.

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात यांनी डांगमधून बांबू आणला होता. श्रावणातल्या रविवारी आमची खानदेशची देवी कानबाई बसली, घरात तिच्या नैवेद्याच्या रोटांचा वास भरला होता, आणि दारामागे ते हिरवट बांबू उभे होते. विसर्जनाला देवी उठली त्या दिवशी ते चिरले. हर्षदाची निवड चाचणी दसऱ्यानंतर. आतापर्यंत तिला वर्गातलं धनुष्य होतं, पण तिची उंची वाढली होती, हात लांब झाले होते, ते तिला पुरत नव्हतं. तिचं स्वतःचं धनुष्य करायचं होतं. वजनाची वही मी ठेवली, माझं अक्षर बरं म्हणून. श्रावण संपला, गणपती आले, गणपती गेले, आणि बांबू रोज दोन-तीन ग्रॅमने हलका होतच होता. एखाद्या दिवशी जोराचा पाऊस झाला की उलटा जड व्हायचा. वही मिटून मी म्हणाले, की हा दिवाळीपर्यंत वाळायचा नाही.

म्हणजे कोरडी दोनच लाकडं उरली. माळ्यावरच्या काठ्या, तीस वर्षं वाळलेल्या. आणि जिन्याखालच्या खोक्याच्या फळ्या, कुठल्याशा थंड देशातून भट्टीत वाळवून आलेल्या. फळीचं लाकूड फिकट, हलकं, त्याची रेघ आखल्यासारखी सरळ. मी चित्रकलेची बाई, मला रेघ कळते. मी तीच पट्टी पुढे केली. यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"त्या मशीनना खोकानं लाकूड मन्ही पोरना हातमां? नहीं." घरात आम्ही अहिराणीच बोलतो, आणि हे चिडले की त्यांची अहिराणी हळू होते, मोठी होत नाही. मग माळ्यावरून गोणी उतरवली, त्यातली एक काठी घेतली, दोन्ही टोकं धरून गुडघ्यावर वाकवली. काठी वाकली आणि सरळ झाली. "हाई काठीनी आख्खी जिंदगी मार खादा, कधी मोडनी नहीं. आते मोडी का?"

ते काठीबद्दल बोलत होते, पण फक्त काठीबद्दल नव्हते.

काठ्या चिरल्या. बाहेरून काळं लाकूड आतून मधासारखं निघालं. त्यावर पॉलिश पेपर मारला, थिनरच्या फडक्याने तीनतीनदा पुसलं. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पट्ट्या ऊब खायला पेटीत गेल्या. दोन तासांनी यांनी मला एक पट्टी धरायला दिली. ती गरम होती आणि तिला वास येत होता.

तो वास. लूमच्या तेलाचा, सुताच्या धुळीचा. नोकरी सुटल्यापासून यांच्या कपड्यांना तो येत नव्हता; आता यांच्या कपड्यांना गोंदाचा झणझणीत वास येतो. पट्टी नाकाशी धरून मी उभी राहिले आणि मला चाळ आठवली, पहिला स्टो आठवला, रात्रपाळी संपवून सकाळी दारात उभे असलेले हे आठवले. डोळ्यांत पाणी येईल इतकं बरं वाटलं मला. आणि त्याच क्षणी मी पट्टी नाकापासून दूर धरली. कारण वरून पुसलेलं तेल जर वास देत असेल, तर ते वर नव्हतंच. ते आत होतं. तीस वर्षं काठी तेल प्यायली होती आणि उबेला आता घाम सोडावा तसं बाहेर सोडत होती. तेलावर गोंद धरत नाही. सागवानाबद्दल हे मला यांनीच शिकवलं होतं.

यांना वास आला नाही. कसा येणार? ज्याच्या अंगाला तो तीस वर्षं होता, त्याच्या नाकाला तो वास नव्हताच, हवा होती.

मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की आत तेल आहे. पण मी काय बोलले? मी म्हणाले, "पितृपक्ष चालू शे. नवं काही कराले नको." देवाधर्माचं मी एरवी कधी काढत नाही, म्हणून हे हसले. ते हसले तेव्हा मी पट्टी परत दिली. गोंद कालवला गेला, थरावर थर बसले, ट्यूबच्या पट्ट्या आवळताना दुसरं टोक मीच ओढून धरलं. माझ्या हाताने मी ते धनुष्य बांधलं, हे मला विसरता येत नाही.

पुढचे पाच दिवस मी धड जेवले नाही. धनुष्य पेटीतून निघालं, घासलं गेलं, पातळ पात्यांना आकार आला, आणि ते इतकं सुंदर दिसत होतं की गल्लीतली माणसं बघून गेली. फायबरखालून ते मधाळ लाकूड दिसायचं. हे त्याच्यावरून सारखा अंगठा फिरवायचे. मला मात्र भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं. वर्गात पोरांना रंगपेटी काढायला सांगून मी खिडकीबाहेर बघत राहायचे. धनुष्य मोडतं तेव्हा ते काठीसारखं मोडत नाही. त्यात ओढ भरलेली असते, ती सुटते. पहिल्या तीन धनुष्यांतल्या एकाचा तुकडा दरवाजाच्या लाकडात रुतून बसला होता, त्याची खूण अजून आहे. आणि तिरंदाज दोरी ओढतो ती हनुवटीपर्यंत. पातं डोळ्यांपासून हातभर लांबही नसतं. मी रोज ठरवायचे, आज सांगते. रोज हे अंगठा फिरवत बसलेले दिसायचे.

रविवारी सकाळी घराच्या मागच्या बोळात हर्षदा उभी राहिली. ढग होते, पाऊस नव्हता. खाडीकडून वारा येत होता. यांनी दोरी चढवली आणि धनुष्य तिच्या हातात दिलं. पंधरा वर्षांची पोर, केस घट्ट बांधलेले, कपाळ उघडं. तिने डावा हात सरळ केला. दोरीला तीन बोटं लावली.

"पप्पा, चालशे ने?" तिने विचारलं. बाहेर ती गुजरातीच बोलते, आणि धनुष्य हातात असलं की घरही तिला बाहेरच असतं.

"चालशे," हे म्हणाले.

ती ओढायला लागली. दोरी हलली. आणि मला कुठून तरी बारीक 'टिक' ऐकू आलं. ते धनुष्यातून आलं की शेजारच्या पत्र्यावर काही पडलं, मला आजही सांगता येणार नाही.

"थांब," मी म्हणाले. मी शाळेत वापरते तो आवाज निघाला. तिचा हात जागच्या जागी थांबला, मग हळूहळू दोरी सैल झाली. मी पुढे होऊन तिच्या हातातून धनुष्य काढून घेतलं. "पहिले भितवर ताना."

भिंतीवर यांनी एक लाकडी खुंटा आणि कप्पी बसवली आहे. धनुष्य खुंट्यावर अडकवायचं, दोरीला दोर बांधायचा आणि लांब उभं राहून तो दोर ओढायचा. नवं धनुष्य आधी तिथे ओढायचं हा यांचाच नियम. घाईत आणि आनंदात, आकार देताना अर्धंच ओढून बघितलं होतं, पुरं ओढलं नव्हतं.

हे माझ्याकडे बघत राहिले. "भरोसा नहीं का तुले?"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती तेव्हा. यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, आता उत्तर चुकलं तर पुढची बावीस वर्षं त्याचंच ओझं. तरी मी तेच पुन्हा म्हणाले. "पहिले भितवर ताना."

यांनी ताणलं. एकदा, दोनदा. काही झालं नाही. हर्षदा वैतागून म्हणाली, "मम्मी, बस ने, टेन्शन ना ले." दहा वेळा ओढलं. वीस वेळा. यांच्या कपाळावर घाम आला आणि चेहऱ्यावर ते दिसायला लागलं जे मला बघायचं नव्हतं: 'बघ.' मीही मनात म्हणत होते, देवा, मी चुकीची निघू दे. आणि लगेच म्हणत होते, मोडायचं असेल तर आत्ता मोड. दोन्ही अगदी मनापासून.

कितव्या वेळेला ते मला माहीत नाही, मी मोजणं सोडलं होतं. आवाज झाला तो मला शब्दांत सांगता येणार नाही. हातातला दोर सुटून हे दोन पावलं मागे गेले. खालचं पातं शाबूत होतं. वरच्या पात्याचा अर्धा भाग बोळाच्या टोकाला नळाजवळ पडला होता, आणि प्लास्टिकची बादली उभी चिरली गेली होती.

हर्षदाचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. ते बघून यांनी तोंड फिरवलं.

मग यांनी तुकडा उचलला. फायबरची पट्टी लाकडापासून सुटी झाली होती, आणि तिच्या आतल्या बाजूला लाकडाची एक शीरही चिकटलेली नव्हती. गोंद गुळगुळीत, चकचकीत. त्याने लाकूड धरलंच नव्हतं. यांनी त्या गोंदावरून बोट फिरवलं, मग लाकडावरून, बोटाला बोट घासलं. बोट नाकाशी नेलं. बराच वेळ तिथेच धरलं.

"तुले वास उनथा का?" यांनी विचारलं, म्हणजे वास आला होता का.

"उनथा."

"मंग सांगं का नहीं?"

सगळी खरी उत्तरं एकदम तोंडात आली. तुम्ही हसत होतात. तुम्ही काठी गुडघ्यावर वाकवलीत. तुमच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. पण निघालं ते भलतंच.

"तुमना वास व्हता तो," मी म्हणाले.

हे नळावर गेले, तोंड धुतलं आणि बादलीचे दोन तुकडे एकात एक घालून कचऱ्याच्या डब्याशी नेऊन ठेवले. दुपारी जेवले. चार वाजता जिन्याखालून खोक्याची फळी ओढण्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरातच थांबले. काही कामं माणसाने एकट्याने करायची असतात.

घट बसले त्या दिवशी त्या फिकट लाकडाचं धनुष्य पेटीतून निघालं. भिंतीवर यांनी ते शंभर वेळा ओढलं, मोजून, आणि मग मला ओढायला लावलं. दसऱ्याला आम्ही पाटावर शस्त्रं मांडली तेव्हा रंधा, करवत, ट्यूबच्या पट्ट्या, माझे ब्रश आणि ते धनुष्य अशी ओळ होती. हर्षदा चाचणीला गेली आणि एका क्रमांकाने राहिली. घरी येऊन वाऱ्याला शिव्या घातल्या, तुझं कोपर वाकतं म्हणणाऱ्या सरांना नावं ठेवली, दोन ताटं जेवली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. दोन्ही डोळ्यांनी रागावलेली पोर. मला दुसरं काही नको होतं.

आता ती कॉलेजात आहे, शनिवार-रविवारी वर्गात लहान पोरींना शिकवते. धनुष्यं होतच असतात. डांगचा बांबू आता उन्हाळ्यातच येतो. आणि त्या वर्षापासून आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. पेटीतून गरम पट्ट्या निघाल्या की गोंदाचे डबे उघडण्याआधी हे मला हाक मारतात. मी हात पुसून येते, एकेक पट्टी नाकाशी धरते आणि हो किंवा नाही म्हणते. मी नाही म्हटलेल्या पट्टीवर हे वाद घालत नाहीत. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, पण सगळ्या थिनरपेक्षा या घरात माझ्या नाकाला जास्त मान आहे.

काल दुपारी हाक आली. सहा पट्ट्या होत्या. बांबूच्या चार, खोक्याच्या फळीची एक. सहावी मी हातात घेतली आणि नाकाशी न्यायच्या आधीच मला कळलं. गोणीतली शेवटची काठी. यांनी ती कधी चिरली, किती दिवस पुसली, उन्हात ठेवली, मला ठाऊक नाही. मी वर बघितलं तर हे काट्यावरचा आकडा वाचत असल्यासारखं करत होते. काट्यावर काहीच नव्हतं.

"वास यी राहिना का?" यांनी खाली बघूनच विचारलं, म्हणजे वास येतोय का.

मी डोळे मिटून पट्टी पुन्हा नाकाशी नेली. गरम होती. घाई नव्हती मला.

"यी राहिना," मी म्हणाले.

"बरं," हे म्हणाले, आणि उरलेल्या पाच पट्ट्या घेऊन गोंद कालवायला बसले. सहावी मी परत दिली नाही.